कास्ता चित्रं आणि आईचं गुलामपण: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी परत वाचली. मेक्सिकोतल्या कास्ता चित्रांवर (स्पॅनिश राजवटीतली, वेगवेगळ्या वंशांचे आईबाप आणि त्यांच्या मुलाला लावलेलं नाव अशी एकेका चौकटीत दाखवणारी चित्रं) मी जो लेख टाकला त्यावर तुमचे दोन आक्षेप आहेत. एक, स्पॅनिश, मूलनिवासी आणि आफ्रिकन लोक 'एकमेकांत मिसळले' असं मी गोड गोड लिहिलंय. दुसरा, ही सरळसरळ आपली जातिव्यवस्थाच, 16 चौकटींत बसवलेली, मग मी तसं का म्हटलं नाही.

पहिला मान्य आहे, शब्द चुकलाच. 1521 ला अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान स्पॅनिशांच्या हाती पडली, त्याच्या आगेमागे देवीच्या आणि इतर साथींनी गावंच्या गावं ओस पडली, आणि मग चांदीच्या खाणीत, उसाच्या मळ्यात राबायला माणसं हवीत म्हणून पुढच्या काळात जवळपास 2 लाख आफ्रिकन लोक धरून आणले, बहुतेक व्हेराक्रूझ बंदरातून. बायकांवर जबरदस्ती झाली. याला मिसळणं म्हणत नाहीत.

दुसरा मात्र पटत नाही. ती चित्रं अठराव्या शतकातली, चित्रकार मिगेल काब्रेराची गाजलेली मालिका 1763 ची, आणि अशी बरीच चित्रं स्पेनला पाठवायला काढलेली. काही मालिकांत एका चौकटीचं नावच 'तू मला कळत नाहीस' असं आहे! चर्चच्या वह्यांत रोजच्या वापराला मेस्तिसो (स्पॅनिश-मूलनिवासी), मुलातो (स्पॅनिश-आफ्रिकन) असे मोजकेच शब्द असायचे, आणि एकाच माणसाची बाप्तिस्म्याला एक नोंद नि लग्नाच्या वेळी दुसरीच असंही सापडतं, कारण कपडे, बोली, धंदा, ओळखीपाळखी यावर खूप काही ठरायचं. शिवाय मेस्तिसोच्या घरात दोन पिढ्या स्पॅनिश जोडीदार आला की पुढचं मूल परत 'स्पॅनिश' धरायचे. आपल्याकडे लग्नाने जात अशी सरकते का? आफ्रिकन रक्ताला मात्र त्या चित्रांत ही वाट बहुतेक बंदच ठेवलीये, आणि अन्याय बघायचा तर तिथे बघा. कास्ता हा शब्द पोर्तुगीजांनी इकडे जातीला लावला आणि इंग्रजीतला 'कास्ट' तिथून आला हे खरंय, पण शब्द एक म्हणून व्यवस्था एक होत नाही.

आणि चौकटींकडेच बघत राहिलं तर एक फार मोठी गोष्ट निसटते. गुलामपण आईकडून यायचं. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोणीही असो. 1542 च्या कायद्यांनी मूलनिवासींना गुलाम करायला बंदी आली (सीमेवरच्या लढायांत ती मोडली जायची, तरी पण होती), त्यामुळे गुलाम असलेल्या आफ्रिकन माणसाने मूलनिवासी बाईशी संसार थाटला की त्याची पोरं जन्मापासून मोकळी. मालकांना हे इतकं खुपत होतं की 1574 मध्ये व्हाइसरॉय मार्तीन एन्रीकेसने राजाला लिहिलं, या पोरांनाही गुलाम ठरवा म्हणून. ते झालं नाही. आता तेच जोडपं चित्रात बघा, काही मालिकांत त्यांच्या मुलाखाली 'लोबो' लिहिलंय, म्हणजे लांडगा. ज्या मुलाला चित्रकार लांडगा म्हणतोय ते मूल त्या घरातलं पहिलं मोकळं माणूस असू शकतं, आणि हे त्या बापाला लग्न करताना पक्कं माहीत असणार. मला हे वाचल्यापासून ती चित्रं पहिल्यासारखी बघताच येत नाहीत.

ज्यांना हा मार्ग नव्हता ते पळाले. यांगा नावाच्या माणसाने ओरिसाबाच्या डोंगरात पळालेल्यांची वस्ती कित्येक वर्षं राखली, 1609 ला फौज आली तरी ती माणसं संपली नाहीत, शेवटी सरकारला त्यांच्याशी बोलणी करून मोकळं गाव द्यावं लागलं. आज त्या गावाचं नावच यांगा आहे. पण आफ्रिकन वंशाच्या मेक्सिकन लोकांना पूर्ण जनगणनेत स्वतःचा प्रश्न मिळायला 2020 उजाडलं, तेव्हा 25 लाखांहून जास्त लोकांनी हो म्हटलं.

'मिसळले' वालं वाक्य आज काढून टाकतोय, आणि त्या जागी आईच्या नियमाचा हा भाग घालतोय, जो मी पहिल्यांदाच लिहायला हवा होता.