यातून काहीच दिसत नाही

दुर्बिणीपेक्षा ती जिच्यावर बसवायची त्या बैठकीची किंमत जास्त असते, ही गोष्ट पचायला जड आहे आणि घरात सांगायला त्याहून जड. खोकी आली तेव्हा आईने हौसेने विचारलं, "मोठी दुर्बीण घेतलीस?"

"दुर्बीण जुनीच आहे. हे माउंट. दुर्बीण याच्यावर बसते."

"मग यातून काय दिसतं?"

"यातून काहीच दिसत नाही."

आई "बरं" म्हणाली. आमच्याकडे "बरं" याचा अर्थ विषय संपला असा नसतो, रात्री जेवताना पुन्हा निघेल असा असतो. बायकोने तर काहीच विचारलं नाही. तिने खोक्याला चिकटवलेल्या पाकिटातून बिल काढलं, चष्मा लावला आणि शून्यं मोजली. मग पुन्हा उजवीकडून मोजली.

माझी बाजू एवढीच, की आकाश एका जागी थांबत नाही. पृथ्वी स्वतःभोवती 23 तास 56 मिनिटांत एक गिरकी घेते, त्यामुळे मृग नक्षत्राच्या आसपासचा एखादा तारा दर सेकंदाला 15 विकला पुढे सरकतो. विकला म्हणजे एका अंशाचा 3600वा भाग. दहा रुपयांचं नाणं साडेपाच किलोमीटरवर धरलं तर जेवढं दिसेल, साधारण तेवढी. एवढंसं सरकणं डोळ्याला कळतही नाही, पण कॅमेऱ्याला कळतं. माझ्या दुर्बिणीत तेवढ्यात तारा दहा पिक्सेल पलीकडे गेलेला असतो. मृगातल्या तेजोमेघाचा बरा फोटो हवा तर शटर तीन-तीन मिनिटं उघडं ठेवावं लागतं, आणि तोवर ताऱ्याची रेघ होते. म्हणून माउंट हवं. पृथ्वी जे करून ठेवते ते रात्रभर उलटं करत बसणं, एवढंच त्याचं काम. आत 180 दात्यांचं एक चक्र असतं आणि त्याला फिरवणारा मळसूत्री दांडा. त्या दांड्याची एक फेरी व्हायला जवळजवळ आठ मिनिटं लागतात. घड्याळातला सेकंदकाटा त्याच्यापुढे उतावळा वाटावा.

हे सगळं मी जेवताना सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे आठ मिनिटांत एकदा फिरणारं यंत्र. आणि तेवढे पैसे!"

नवीन यंत्र घेतलं की आभाळ येतं, हा आकाशनिरीक्षकांमधला जुना विनोद आहे. पुण्याच्या डिसेंबरात तो खरा ठरायला नको होता, पण अवकाळीने तेवढी तसदी घेतली. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवरच्या मंडळींचा मला अशा वेळी हेवा वाटतो. नारायणगावजवळ त्यांच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना उभ्या आहेत. त्या रेडिओलहरी टिपतात, त्यामुळे ढग असोत नाहीतर भर दुपार, काम सुरूच. शिवाय त्यांना गच्चीची किल्ली मागावी लागत नाही.

आम्हाला लागते. आमच्या सोसायटीच्या गच्चीची किल्ली सेक्रेटरी काकांकडे असते आणि ती मिळवण्यासाठी कारण द्यावं लागतं. पापड, गाद्या, केबलवाला, टाकीतला कावळा ही मान्यताप्राप्त कारणं. "माउंट टेस्ट करायचंय" हे त्या यादीत नव्हतं. काकांनी मला दारातच उभं ठेवून विचारलं, "गच्चीला ड्रिल मारणार?"

"नाही काका, नुसतं ठेवायचं."

"लाइट कुठून घेणार? लिफ्टच्या खोलीतून नाही ना?"

"बॅटरी आहे, बारा व्होल्टची."

"मग यातून काय दिसतं?"

मी "शनीची कडी" असं सांगून मोकळा झालो. किल्ली लगेच मिळाली.

लिफ्ट पाचव्या मजल्यापर्यंतच जाते. त्यापुढचा जिना अरुंद आहे आणि तिथे एक जुनं कपाट कुणाचं ते न ठरल्यामुळे कैक वर्षं उभं आहे. तिपाई, माउंट, दुर्बीण, बॅटरी, लॅपटॉप आणि पाच-पाच किलोची दोन वजनं त्या कपाटाला वळसा घालून वर न्यायची. वजनं बघून दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, "व्यायाम सुरू केलास वाटतं? उत्तम." ते मात्र खरं होतं.

वजनं कशासाठी, तर तोल साधण्यासाठी. दांड्याच्या एका टोकाला दुर्बीण, दुसऱ्या टोकाला वजनं, आणि मधला क्लच सैल केला की हे सगळं जिथल्या तिथे थांबलं पाहिजे. थांबत नाही. दुर्बीण सावकाश खाली झुकते. वजन बोटभर बाहेर सरकवा, आता वजनाची बाजू झुकते. अर्धं बोट आत घ्या. जमलं! मग लक्षात येतं, कॅमेरा लावायचा राहिलाय. कॅमेरा लावला, पुन्हा बोटभर. कॅमेऱ्याची केबल लोंबते, तिचंही वजन असतं. केबल चिकटपट्टीने नळीला बांधली. आता फोकससाठी नळी बाहेर काढली की दुसरा अक्ष रुसतो. घरात आई आणि बायको यांच्यामध्ये मी कैक वर्षं हेच करत आलोय, त्यामुळे हात बसलेला होता.

खरी परीक्षा पुढे होती, पोलर अलाइनमेंटची. माउंटचा मुख्य अक्ष पृथ्वीच्या अक्षाला अगदी समांतर लागतो, म्हणजेच तो आकाशाच्या उत्तर ध्रुवबिंदूवर रोखावा लागतो. त्यासाठी अक्षाच्या पोकळीत एक छोटी दुर्बीण असते आणि तिच्यात ध्रुवतारा पकडायचा. ही यंत्रं घडवणाऱ्यांचा ध्रुव आकाशात चांगला वर असतो. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, म्हणून पुण्याचा ध्रुवही क्षितिजापासून साडेअठरा अंशच वर. हात लांब करून एकावर एक दोन मुठी धरल्या तर तो वरच्या मुठीआड जातो. त्या उंचीवर आमच्याकडे धूळ, पाण्याच्या टाक्या, सोलरचे पाइप आणि समोरच्या बांधकामावरची क्रेन असते. माउंट एवढं खाली झुकवलं की उंचीचा स्क्रू सगळा भार एकट्याने घेऊन कुरकुरतो, आणि वजनांचा दांडा तिपाईच्या पायावर आपटू बघतो. स्क्रू एक आटा फिरवावा तर ध्रुव दृष्टिक्षेत्राबाहेर. उलटा फिरवावा तर काही क्षण काहीच हलत नाही आणि मग सगळं एकदम खाली येतं.

आमच्या लग्नात गुरुजींनी ध्रुवदर्शन केलं होतं. मुहूर्त दुपारचा, कार्यालय बंदिस्त, वर थर्माकोलची नक्षी. गुरुजींनी बोट वर केलं, "तो बघा ध्रुव", आम्ही पंख्याकडे पाहून मान हलवली आणि गुरुजी पुढच्या विधीला लागले. दोन सेकंदांत! मला शर्मिष्ठा तारकासमूहावरून अंदाज घेत, टाकी आणि क्रेनच्या मधल्या फटीत तो सापडेपर्यंत गुडघ्यांना चायना मोझेकची नक्षी उमटली होती. उत्तानपादाच्या पोराने एका पायावर तप केलं म्हणतात. त्याचं पोलर अलाइनमेंटही त्यातच उरकलं असावं.

आणि एवढं करून तो सापडला तरी तो अढळ नाही. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून चंद्रबिंबाच्या रुंदीपेक्षा जरा जास्तच दूर आहे आणि दिवसाकाठी तोही त्या बिंदूभोवती एक फेरी मारतो. त्यामुळे त्याला मध्यभागी नाही ठेवायचं. छोट्या दुर्बिणीत एक वर्तुळ कोरलेलं असतं, त्यावर त्या वेळेला तो जिथे असायला हवा तिथे ठेवायचं. ते "जिथे" मोबाइलमधलं अ‍ॅप सांगतं. अढळपदाचा पत्ता अ‍ॅपला विचारावा लागतो, हे मी आईला सांगितलेलं नाही.

दिवस मुद्दाम अमावास्येचा निवडला होता. चंद्र नसला की आकाश काळंभोर मिळतं, निदान शहरात मिळेल तेवढं. डोळे अंधाराला सरावलेले राहावेत म्हणून टॉर्च लाल वापरायचा. तर मार्गशीर्षातली अमावास्या, गच्चीवर लाल उजेड, मधोमध काळं यंत्र, आणि त्यासमोर गुडघे टेकून पुटपुटणारा मी. अशा वेळी वॉचमन मामा टाकी बघायला वर आले. दारातच थबकले.

"सायेब, अमुशाला?"

"हो मामा, अमावास्याच लागते याला."

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "घरात काही तरास हाय का? आमच्या गावाकडं एक माणूस हाय, चांगला."

मी त्यांना कृत्तिका दाखवल्या, व्याध दाखवला. त्यांनी दोन्हींना लांबूनच नमस्कार केला आणि टाकी न बघता खाली गेले.

मग सुरू झाली चाचणी. माउंट कितीही महाग असलं तरी दात्यांमधला खोटेपणा दर आठ मिनिटांनी डोकं वर काढतोच. तो पकडायला दुर्बिणीला खेटून एक छोटी नळी आणि छोटा कॅमेरा लावतात. तो दर दोन सेकंदांनी एका ताऱ्याचा फोटो काढतो, तारा किती हलला ते मोजतो आणि माउंटला चिमटा काढतो. हे काम बघणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव पीएचडी2. आमच्या घराण्यात आलेली ही पहिलीच पीएचडी. पडद्यावर एक लाल आणि एक निळी रेघ सरकत असते. दोन्ही सपाट राहिल्या, चूक एका विकलेच्या आत राहिली, की तारे गोल येतात. या छंदाची गंमत अशी की डोक्यावर मृग, ब्रह्महृदय, रोहिणी असा थाट असतो आणि माणूस पाठ वाकवून त्या दोन रेघा बघत बसतो.

रेघा छान होत्या. शून्य पूर्णांक सात. माझा माझ्यावर विश्वास बसेना. तेवढ्यात निळी रेघ टुणकन उडाली. थोड्या वेळाने पुन्हा उडाली. केबल अडकली म्हणून केबल तपासली. वारा म्हणून पाण्याच्या टाकीचा आडोसा केला. वजन अर्धं बोट सरकवलं, तिपाईचे पाय आवळले, श्वास रोखला. सगळं शांत झालं, शटर उघडलं, आणि तिसरं मिनिट भरता भरता पुन्हा टुणकन. फोटोत प्रत्येक ताऱ्याला शेपूट.

मग ऐकू आलं. रेघ उडायच्या आधी गच्चीवरच्या खोलीतून "खट्ट" असा आवाज यायचा. लिफ्टची मोटर! माझ्या पायाखालचा अख्खा कोबा हलायचा. लिफ्ट निघाली की एक धक्का, थांबली की दुसरा. दोन धक्क्यांमधला वेळ मोजला की ती किती मजले चढली तेही कळायचं. मला अचानक आमच्या इमारतीचा रात्रीचा जमाखर्च दिसू लागला. हे दोन मजले, म्हणजे क्लासवाली मुलगी. हे पाच, म्हणजे कुत्रं फिरवून आले. साडेपाच किलोमीटरवरचं नाणं टिपण्यासाठी आणलेलं यंत्र शेजाऱ्यांची वर्दळ टिपत होतं, आणि तीही अचूक.

"काय, दिसली का शनीची कडी?" सेक्रेटरी काका मफलर गुंडाळून वर आले होते. कड्यांवरून त्यांचं लक्ष उडवावं म्हणून मी त्यांना रेघा दाखवल्या. लिफ्टचं प्रकरण सांगितलं. काकांचे डोळे चमकले. आमची लिफ्ट जुन्या पद्धतीची, सरकत्या जाळीच्या दाराची. दार नीट लावलं नाही की लिफ्ट जागची हलत नाही. कोणीतरी रोज रात्री उशिरा येऊन दार उघडं टाकतं, आणि ते कोण, यावर तीन सर्वसाधारण सभा खर्ची पडल्या होत्या. नोटीस लागली होती. नोटिशीखाली कोणीतरी स्माइली काढून ठेवली होती.

काकांनी खुर्ची मागवली नाही, बॅटरीच्या खोक्यावर बसले. शनी विसरले. लाल रेघ कोणती, निळी कोणती, सगळं समजून घेतलं. आईला जे आठवडाभर समजलं नव्हतं ते काकांना पाच मिनिटांत समजलं. बाराच्या पुढे "खट्ट" झालं. रेघ उडाली. काका पुटपुटत आकडे मोजू लागले. दुसरा धक्का आला.

"चौथा!" काका ओरडले आणि जिन्याने धावत सुटले. कपाटावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

त्यानंतर रेघा ज्या सपाट झाल्या त्या झाल्याच. शून्य पूर्णांक सहा. शून्य पूर्णांक पाच! लिफ्ट चौथ्यावर दार उघडं ठेवून निपचित पडली होती, इमारत गाढ झोपली होती आणि मृगातला तेजोमेघ माझ्या पडद्यावर एकामागून एक उतरत होता. कोपऱ्यातला ताराही गोल. मी आणखी फोटोंची रांग लावली.

फोन वाजला. काका दम लागल्या आवाजात म्हणाले, "दार उघडंच! पण माणूस पळाला, चपला पण नाहीत बाहेर. बरं, मी लावतो दार आणि लिफ्ट खाली पाठवतो."

"काका, नको!" माझ्या तोंडून गेलं. "अजून तासभर राहू द्या ना उघडंच."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग काका एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "अच्छा. म्हणजे रोज रात्री तूच होय?"