'एक नांदेडकर' यांच्या कमेंटला उत्तर (जरा लांबलंय)

नमस्कार. कमेंट काल रात्रीच वाचली, पण रागाच्या भरात टाइप करायचं नाही असं ठरवलंय म्हणून आज लिहितोय. तुमचं म्हणणं असं की नांदेडच्या सरकारी हॉस्पिटलात माणसं मेली आणि मी माझ्या लेखात कुठलं हॉस्पिटल कुठल्या खात्याचं ते सांगत बसलो, म्हणजे आरोग्यमंत्र्यांची वकिलीच केली.

वकिली नाहीये हो. ऑक्टोबर 2023 तुम्ही तिथे राहून बघितलाय. 24 तासांत 24 मृत्यू, त्यात 12 नवजात बाळं, आणि चॅनलवाले आरोग्यमंत्र्यांच्या मागे. ते हॉस्पिटल मेडिकल कॉलेजचं, म्हणजे वैद्यकीय शिक्षण खात्याचं, तिथला मंत्री वेगळा, सचिव वेगळा, बजेटही वेगळं. त्याआधी ऑगस्टमध्ये कळव्याच्या हॉस्पिटलात 24 तासांत 18 जण गेले, ते ठाणे महापालिकेचं. मुंबईतली केईएम, सायन, नायर पण पालिकेचीच. आरोग्य विभागाकडे थेट राहतात जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयं, पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रं, तर जिल्हा परिषद चालवते. आपण चुकीच्या दारावर दगड मारतो आणि ज्याचं दार आहे तो आत निवांत चहा पीत बसतो, मला एवढंच म्हणायचं होतं.

हे सगळं मी हौसेने पाठ केलेलं नाही. आईच्या बीपीच्या गोळ्या गावातल्या आरोग्य केंद्रातून घ्यायचो. एक दिवस फार्मासिस्टने सरळ मॉनिटरच माझ्याकडे फिरवला, ई-औषधीवर, म्हणजे सरकारी औषधसाठ्याच्या ऑनलाइन नोंदीत, अ‍ॅम्लोडिपिनपुढे (आईची बीपीची गोळी) शून्य. म्हणाला, मागणी टाकलीय, तालुक्याला विचारा. तालुक्याने जिल्हा स्टोअरला पाठवलं, स्टोअरवाले म्हणाले वरूनच आलं नाही. वरून म्हणजे कुठून, हे कुणीच सांगेना! आई तोवर मेडिकलमधून पट्टी घेऊन आली होती.

आता 'मग आरोग्य खातं करतं तरी काय' हा तुमचा प्रश्न. घटनेत सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने हा राज्याचाच विषय आहे, त्यामुळे दिल्लीकडे बोट दाखवून चालत नाही. डॉक्टरांची पदं भरणं, साथ आली की धावणं, आणि मुख्य म्हणजे औषधं वेळेवर घेणं. खरेदीचं बघा ना, 2017 मध्ये ती हाफकिन या सरकारी महामंडळाकडे दिली, मग 2023 मध्ये कायदा करून वेगळं प्राधिकरण काढलं. तामिळनाडूने त्यासाठी वेगळं महामंडळ 1994 लाच काढलं होतं, आपण तिथे पोचायला जवळपास तीस वर्षं लावली. यासाठी मंत्र्यांना, म्हणजे तेव्हापासूनच्या सगळ्याच मंत्र्यांना, जरूर धरा, मी येतो तुमच्यासोबत.

तुमचा एक मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य, पेशंटला खात्याशी काय करायचंय. 15 ऑगस्ट 2023 पासून सरकारी उपचार मोफत झाले म्हणून पेपरात आलं, पण तो निर्णय आरोग्य विभागाच्या दवाखान्यांपुरता, मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं त्यात नव्हती. म्हणजे नांदेडातच जिल्हा रुग्णालयात फुकट आणि कॉलेजच्या हॉस्पिटलात पावती. ऑटोतून उतरणाऱ्या म्हातारीने हे ओळखायचं कसं, बोर्ड वाचून?

आणि हो, मूळ लेखात 'यात मंत्र्यांचा काय दोष' असं एक वाक्य होतं. तुमची कमेंट वाचून ते परत वाचलं आणि माझं मलाच कसंतरी झालं. आज सकाळी काढून टाकलंय. बाकी लेख तसाच ठेवतोय.