निरीक्षक म्हणजे हवासुद्धा

गणेशोत्सव असो की व्याख्यानमाला, बेळगावात एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘पाहणारा नसेल तर जगच नाही, हे क्वांटमने सिद्ध केलंय.’ मग अतिसूक्ष्म कणांच्या या भौतिकशास्त्रातला दोन फटींचा प्रयोग (कण दोन फटींतून सोडले की पडद्यावर तरंगांसारखे पट्टे उमटतात, आणि कण कुठल्या फटीतून गेला हे टिपलं की पट्टे नाहीसे होतात), मग चांगदेव पासष्टीतली द्रष्टा-दृश्य-दर्शन (पाहणारा, दिसणारं आणि पाहणं) ही त्रिपुटी, आणि टाळ्या. व्हिएन्नात बसून हे पचत नाही. हा प्रयोग मोठ्या रेणूंवर याच शहरात झाला, आणि इथल्या यंत्रात ‘निरीक्षका’चं काम उरलीसुरली हवासुद्धा करते.

1999 मध्ये इथल्या विद्यापीठात साठ कार्बन अणूंचे रेणू भट्टीतून सोडून सुमारे 50 नॅनोमीटरच्या फटींच्या जाळीतून नेले. रेणूची तरंगलांबी त्याच्याच आकाराच्या चारशेव्या हिश्श्याएवढी, तरी पट्टे उमटले. पुढे मुद्दाम बिघाड केले. निर्वात नळीत किंचित वायू सोडला, तसे पट्टे फिकट होत गेले. 2004 मध्ये सत्तर अणूंचे रेणू लेझरने तापवले. तापलेला रेणू प्रकाशकण फेकतो, त्यातून तो कुठल्या वाटेने गेला याची खबर बाहेर फुटते आणि पट्टे पुसले जातात. या सगळ्या हिशोबात माणूस कुठेच येत नाही. 1961 मध्ये जाणिवेला मापनाच्या मध्यभागी बसवणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ युजीन विग्नरनेही पुढे ते मत सोडून दिलं. भाषणात एवढं मात्र गाळलं जातं.

पट्टे घरीही दिसतात. लाल लेझरच्या तोंडावर एक केस उभा चिकटवा, तीन मीटरवर भिंत, खोलीत अंधार. केस 0.07 मिलिमीटर जाड असेल तर काळे पट्टे पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास अंतराने पडतात. नुसता ठिपका दिसला तर केस झोताच्या मधोमध नाही. (लेझर डोळ्यांत नको.) मोबाइलला टायमर लावून खोलीबाहेर जा, फोटोत पट्टे येतातच. यावर ठरलेलं उत्तर असं, की फोटो तुम्ही पाहिलात तेव्हा पट्टे ठरले. म्हणा खुशाल! पण कुठल्याच प्रयोगाने खोटं पडू शकत नाही असं विधान प्रयोगाने सिद्ध झालं, असं म्हणता येत नाही.

माणसांच्या मानण्यावर उभ्या असलेल्या गोष्टी सीमाभागाला कुणी शिकवायला नकोत. 1 नोव्हेंबर 1956 ला आखलेली हद्द कागदावर, पाट्यांवर आणि मनात आहे. माणसं उठून गेली तर ती उरणार नाही. गोकाकचा धबधबा मात्र कोसळतच राहील. या दोन्हींना एकाच मापाने मोजलं की घोटाळा होतो. इथे युरोपातही क्वांटम उपचारांची दुकानं चालतात, तेव्हा हा रोग काही आपल्यापुरता नाही.

खरा अवघड प्रश्न वेगळाच आहे: मेंदूतल्या विद्युत हालचालींना आतून ‘वाटतं’ ते का? मेंदूतली जाणिवेची खूण 25 वर्षांत स्पष्ट होईल, अशी पैज मेंदूशास्त्रज्ञ ख्रिस्टोफ कॉखने 1998 मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्सशी लावली. 2023 मध्ये कॉख हरला आणि वाइन द्यावी लागली. पासष्टीतली त्रिपुटी या चर्चेत आणा, ती तिथली आहे. तिला लेझरचा दाखला लागत नाही. आणि पुढच्या वक्त्याने दोन फटी काढल्याच, तर त्याला एवढंच विचारा: नळीत हवेचा दाब किती होता?