उलट उत्तर

ताई बाळंतपणाला सदाशिव पेठेत माहेरी आलेली, त्यामुळे भाच्याच्या कानाची तपासणी मामाच्या गळ्यात. आईचा मुळातच विरोध. "मी ताटली आपटली की दचकतो तो!" आईने ताटली आपटली की खालचे वाण्याचे दुकानही दचकते, पण हे बोलायची माझी छाती नाही.

कान तपासणाऱ्या मॅडमच्या अटी दोनच: बाळ झोपलेले हवे आणि खोली शांत हवी. रिक्षात, टिळक रोडच्या हॉर्नच्या गजरात, साहेब गाढ झोपले होते. त्या आवाजबंद खोलीत नेल्याबरोबर टक्क जागे! पुण्यात जन्मलेल्या पोराला शांततेची सवय कुठून असणार?

ताई थोपटत बसली, तोवर मॅडमनी आम्हाला शहाणे केले. कानात मऊ टोकाची नळी बसवतात. तिच्यात चिमुकला स्पीकर आणि तेवढाच माइक. स्पीकर टिकटिक करतो. ती आतल्या कानातल्या गोगलगाईच्या शंखासारख्या कॉक्लियात पोचली, की तिथल्या बाहेरच्या रांगांमधल्या केसपेशी आखडतात, लांबतात. त्या हालचालीतून अगदी बारीक आवाज उलट बाहेर येतो आणि माइक तो टिपतो. लंडनला डेव्हिड केम्प यांनी 1978 साली हे दाखवून दिले. बाळाला काही करावेच लागत नाही.

"म्हणजे कानच उलट उत्तर देतो?" आई म्हणाली. "बापावर गेलाय."

अखेर डोळा लागला. उजवा कान 'पास', डावा 'रेफर'. ताईचा चेहरा पडला. मॅडम म्हणाल्या, रेफर म्हणजे नापास नव्हे. बाळ हललं, कानात मळ किंवा पाणी असलं तरी असं येतं. "तेल घालता का कानात?"

"रोज. दोन थेंब."

"नका घालू."

कानात तेल घालून ऐकावे म्हणणाऱ्या घराण्यावर हा मोठाच घाव होता. काही दिवसांनी पुन्हा या, तेव्हाही रेफर आले तर बेरा नावाची पुढची चाचणी करू, असे ठरले. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्याच्या आत निदान, सहाव्याच्या आत उपचार, हे मॅडमनी ताईला कागदावर लिहून दिले.

निघताना आईने माझ्याकडे बोट केले. "याच्याही कानाला लावून बघा जरा. एक काम सांगितलेलं ऐकत नाही."

मॅडम हसल्या. "हे मशीन कॉक्लियापर्यंतचंच सांगतं, आजी. पुढे नसेतून मेंदूकडे आवाज जातो का, ते बेरात कळतं."

"मग याची बेराच करा."