गणिताच्या तासाला पोरांना बोलू द्या

गणिताचा वर्ग शांत असला की शिक्षक-पालक दोघांनाही बरं वाटतं. मला त्या शांततेची काळजी वाटते.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: ११२८ सैनिक न्यायचे आहेत, एका बसमध्ये ३६ मावतात, तर बस किती लागतील? साधारण ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. पण २९ टक्के मुलांनी उत्तर लिहिलं, ‘३१ बाकी १२’. ३२ म्हणणारी २३ टक्केच. हिशोब येत होता. मुळात विचारलंय काय, हे पुन्हा पाहायची सवय नव्हती.

ही सवय लावता येते. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाचे गणितशिक्षणाचे अभ्यासक ॲलन शोनफेल्ड कॉलेजच्या मुलांना गटात गणितं सोडवायला बसवायचे आणि अधूनमधून विचारायचे: नेमकं काय करताय? का करताय? त्याने पुढे काय साधणार? आधी मुलं गडबडायची. मग तेच प्रश्न स्वतःला विचारू लागायची.

इथे नागपुरात माझ्या आठवीच्या वर्गात मी तेच करते. चौरसाची बाजू १० टक्क्यांनी वाढवली, क्षेत्रफळ किती टक्क्यांनी वाढेल? चौघांत एक कागद, एक पेन.

“वीस!”
“काहून बे?”
“दोन बाजू आहेत न. दहा अन् दहा.”

तिसरीने चौरस काढला, दोन बाजूंना पट्ट्या जोडल्या. कोपऱ्यात एक बारका चौकोन रिकामा राहिला. “अन् हा?” थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग वीस म्हणणाऱ्यानेच खोडून एकवीस लिहिलं. मी फळ्यावर सूत्र मांडलं असतं तर दोन मिनिटांत झालं असतं, पण तो कोपरा त्यांना दिसला नसता.

एक हुशार सोडवतो, बाकीचे उतरवतात, ही पालकांची तक्रार अगदी रास्त आहे. म्हणून पेन ज्याला कमी जमतं त्याच्या हातात असतं, आणि फळ्यापाशी कोण येणार हे मी ऐनवेळी ठरवते. मग गटालाच गरज पडते सगळ्यांना समजावायची.

क्लासेसमध्ये भराभर गणितं होतात. परीक्षेत वेग लागतो, मान्य. पण आठवीत आधी स्वतःच्या उत्तरावर शंका घेता यायला हवी. ती न घेता आलेला वेग चुकीच्या वाटेवरही तितकाच जोरात धावतो.

पालकसभेत विचारतात, “मॅडम, आज किती गणितं झाली?” कधीकधी एकच होतं. त्या दिवशी घरी मुलांना एवढंच विचारा: आधी काय वाटलं होतं, आणि मत कुठे बदललं?