‘पाच चोर’ बंद करण्याआधी टास्क मॅनेजर नीट वाचा

‘लॅपटॉप स्लो झालाय? पंखा घरघरतोय? मायक्रोसॉफ्टने तुमच्या मशीनमध्ये पाच चोर बसवलेत!’ अशा सुरुवातीचा मेसेज सोसायटीच्या ग्रुपपासून शिक्षकांच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरतोय. त्यातलं सांगणं थोडक्यात असं : टास्क मॅनेजर उघडा, सीपीयू खाणारी प्रोसेस दिसली की ‘एंड टास्क’ करा. मग सर्व्हिसेसमध्ये (विंडोजची पडद्यामागची कामं करणाऱ्या प्रोग्रामच्या यादीत) जाऊन डिफेंडर (विंडोजसोबत येणारा अँटीव्हायरस), विंडोज अपडेट, सिसमेन, विंडोज सर्च आणि डब्ल्यूएमआय या पाच गोष्टी कायमच्या डिसेबल करा. शेवटी एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोज सुरू होतानाच्या सेटिंग्जच्या खिडकीत) प्रोसेसरचा आकडा वाढवा. लॅपटॉप दुप्पट पळेल. खाली अर्थातच ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मेसेज निव्वळ थाप असता तर सोडून दिला असता. पण त्यातली नावं खरी आहेत, ती कधी ना कधी सीपीयूच्या रकान्यात वर दिसतात, आणि बंद केल्यावर आकडा खालीही येतो. म्हणूनच तो लोकांना पटतो. गफलत अशी की टास्क मॅनेजर राबणाऱ्याचं नाव दाखवतो, त्याला काम कोणी लावलं हे दाखवत नाही. राबणाऱ्याला हाकलून दिलं की काम लावणारा तसाच राहतो, आणि त्याच्यापर्यंत पोचायचा माग मात्र पुसला जातो.

आता एकेक मुद्दा घेऊ.

‘सर्व्हिस होस्टच्या सत्तर-ऐंशी प्रती चालू दिसल्या तर समजा व्हायरस आहे.’

नाही. सर्व्हिस होस्ट ही विंडोजच्या सर्व्हिसेस ज्यात चालतात ती प्रोसेस. पूर्वी एकेका प्रोसेसमध्ये अनेक सर्व्हिसेस कोंबलेल्या असायच्या. २०१७ च्या क्रिएटर्स अपडेटपासून ३.५ जीबीपेक्षा जास्त रॅम असलेल्या मशीनवर बहुतेक सर्व्हिसेसना स्वतंत्र प्रोसेस मिळते, म्हणून यादी लांबते. हे उलट सोयीचंच झालं, कारण कोणती सर्व्हिस सीपीयू खातेय हे आता ओळीवरच वाचता येतं.

संशय असेल तर प्रती मोजू नका, पत्ता बघा. राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ म्हणा. फाइल विंडोजच्या सिस्टीम३२ किंवा सिसवाव६४ फोल्डरमध्ये असेल तर ठीक. टेम्प किंवा ॲपडेटा फोल्डरमधून चालत असेल, किंवा नावाच्या स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडचं तिकडे झालेलं असेल, तर मात्र खरंच पाहुणा आलाय. तेव्हा कामाला येतो तो डिफेंडर, जो बंद करायला मेसेज सांगतोय.

(याच मेसेजच्या एका आवृत्तीत ‘सिस्टीम आयडल प्रोसेस ९५ टक्के सीपीयू खाते, तिला मारा’ असंही आहे. ती ९५ टक्के म्हणजे सीपीयू रिकामा बसलाय. यावर आणखी काय बोलणार?)

‘डिफेंडर सतत स्कॅन करत बसतो, तो काढून टाका.’

टास्क मॅनेजरमध्ये हा ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ या नावाने दिसतो आणि पाचांमध्ये याच्याविरुद्धची तक्रार सगळ्यात जुनी आहे. ती पूर्ण खोटी नाही. फायरफॉक्स चालू असताना हा गृहस्थ विनाकारण सीपीयू खातो, अशी तक्रार मोझिलाकडे २०१८ मध्ये नोंदवली गेली होती. फायरफॉक्स मेमरीची परवानगी बदलणारी एक साधी विनंती विंडोजला वारंवार करायचा, आणि अशा प्रत्येक विनंतीची छाननी करण्यात डिफेंडर गरजेपेक्षा फार जास्त मेहनत घ्यायचा. दुरुस्ती यायला २०२३ उजाडलं. मोझिलाच्या सांगण्यानुसार त्यानंतर फायरफॉक्स वापरताना डिफेंडरचा सीपीयू वापर सुमारे ७५ टक्क्यांनी घटला. म्हणजे चूक मायक्रोसॉफ्टकडे होती हे कबूल. पण ही दुरुस्ती पोचली कशातून? डिफेंडरच्या इंजिनाच्या अपडेटमधून. मेसेज वाचून ज्यांनी अपडेट बंद केले होते, ते त्याच जुन्या इंजिनावर अडकले.

एरवी ठरलेल्या वेळच्या स्कॅनला सरासरी ५० टक्के सीपीयूची मर्यादा मुळातच घातलेली असते. मशीन रिकामं असताना ती सैल सुटते, म्हणून तुम्ही जेवायला उठलात की पंखा जोरात फिरतो आणि परत येऊन माउस हलवला की शांत होतो. हा बिघाड नाही.

ही मर्यादा रिअल टाइम संरक्षणाला (फाइल उघडताना-लिहितानाच होणाऱ्या तपासणीला) मात्र लागू नाही, आणि दिवसभर चालणारा त्रास बहुतेक वेळा तिथला असतो. एखादा प्रोग्राम हजारो बारीक फाइली सतत लिहीत-वाचत असतो : हिशेबाचं सॉफ्टवेअर, बॅकअपचं टूल, कोड लिहिणाऱ्यांच्या मशीनवर बिल्डचा फोल्डर. त्यातली प्रत्येक फाइल डिफेंडरला तपासावी लागते. कोणत्या फाइलीवर आणि कोणत्या प्रोग्राममुळे वेळ जातोय हे नोंदवणारी सोय पॉवरशेलमध्ये डिफेंडरसोबतच येते. पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग करा, अहवाल मागा, नावासकट उत्तर मिळतं. मग त्या एका फोल्डरला एक्सक्लूजन (तपासणीतून सूट) द्यायचं की त्या प्रोग्रामची सेटिंग बदलायची ते ठरवा. एक्सक्लूजन जपून द्या. ‘सगळा सी ड्राइव्हच वगळला’ अशी मशीन्स मी पाहिली आहेत. डाउनलोड्सचा फोल्डर वगळणं हाही तसलाच प्रकार.

आणि डिफेंडर बंद करण्यासाठी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) एक किल्ली, म्हणजे नोंद, टाकायची मेसेजमधली युक्ती आता चालतही नाही. ऑगस्ट २०२० च्या सुमारास आलेल्या डिफेंडरच्या आवृत्तीपासून घरगुती मशीनवर ती किल्ली विचारातच घेतली जात नाही. त्यामुळे लोक पुढची पायरी गाठतात : ‘डिफेंडर कायमचा काढणारं टूल’ कुठूनतरी उतरवतात आणि ॲडमिनच्या परवानगीने चालवतात. सीपीयूवर चोरून क्रिप्टो खणणारे प्रोग्राम मशीनमध्ये शिरायला याहून सोपा दरवाजा नाही. त्यातले काही तर टास्क मॅनेजर उघडला की गप्प बसतात, बंद केला की पुन्हा सुरू.

‘विंडोज अपडेट बंद करा, निम्मा त्रास संपेल.’

अपडेटच्या वेळी सीपीयू खाताना दिसतो तो ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’. मायक्रोसॉफ्टचे महिन्याचे सुरक्षा अपडेट दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी १० ला निघतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. म्हणून आपल्याकडची रड बुधवार-गुरुवारची असते. मशीन चार्जरला लावून तासभर सोडलं तर बहुतेक वेळा काम उरकतं. दोन-तीन दिवस झाले तरी हा वर्कर थांबत नसेल तर अपडेट कुठेतरी अडकलंय. सेटिंग्जमधला ट्रबलशूटर चालवा, तेवढ्याने भागलं नाही तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टवर आधी डीआयएसएमची दुरुस्ती आणि मग एसएफसी (विंडोजच्या बिघडलेल्या फाइली दुरुस्त करणाऱ्या या दोन कमांड). मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करत असाल तर ते कनेक्शन सेटिंग्जमध्ये मीटर्ड (मर्यादित डेटाचं) करा. अपडेट काही आठवडे पॉज करायची सोयही आहे. या सरळ वाटा असताना सर्व्हिसचीच मान मुरगळायची गरज नाही.

अपडेट न घेण्याची किंमत काय, हे १२ मे २०१७ ला जगाने पाहिलं. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय व्हायरसने ज्या भगदाडातून घुसखोरी केली ते बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच निघालं होतं. जूनच्या अखेरीस नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला, त्याच्या हत्यारांमध्ये हेच भगदाड एक होतं, आणि त्याच्या फटक्यात आपल्या जेएनपीटीतल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं.

‘सिसमेन आणि सर्च फुकट चालतात.’

इथे मेसेजला थोडे मार्क देतो. सिसमेन म्हणजे व्हिस्तापासून आलेला सुपरफेच. तुम्ही नेहमी उघडता ते प्रोग्राम आधीच मेमरीत आणून ठेवतो. जुनी फिरती हार्ड डिस्क आणि ४ जीबी रॅम असेल तर तो बंद करून फरक पडू शकतो आणि बिघडत काही नाही. पण तो फरक डिस्कच्या रकान्यातला. सीपीयूसाठी त्याला धरणं म्हणजे भलत्यालाच पकडणं. सर्च इंडेक्सर नवीन मशीनवर किंवा पेन ड्राइव्हमधून ढीगभर फोटो उतरवल्यावर खूप चालतो, मग थांबतो. थांबतच नसेल तर इंडेक्सिंग ऑप्शन्समध्ये जाऊन तो मोठा फोल्डर यादीतून काढा किंवा इंडेक्स नव्याने बांधा.

‘डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट हेरगिरी करतो.’

डब्ल्यूएमआय म्हणजे विंडोज मॅनेजमेंट इन्स्ट्रुमेंटेशन. मशीनची बॅटरी किती, तापमान किती, कोणती सर्व्हिस चालू, असे प्रश्न इतर प्रोग्राम विचारतात आणि हा उत्तरं काढून देतो. तलाठी ऑफिसातल्या खिडकीवरचा कारकून समजा : रांग लांबली तर दोष खिडकीचा नसतो, तोच अर्ज घेऊन दर मिनिटाला परत येणारा कोणीतरी असतो. तो शोधता येतो.

एका सीए ऑफिसातल्या लॅपटॉपवर हा होस्ट सकाळपासून २५ टक्क्यांच्या आसपास रेंगाळलेला होता. इव्हेंट व्ह्यूअर उघडला. ‘ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज’, त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात विंडोज, त्यात ‘डब्ल्यूएमआय-ॲक्टिव्हिटी’, त्यात ‘ऑपरेशनल’. लाल खुणेच्या ५८५८ क्रमांकाच्या नोंदींची रांगच होती. त्या नोंदींत ‘क्लायंट प्रोसेस आयडी’ नावाचा आकडा असतो, आणि जवळजवळ प्रत्येक नोंदीत तो एकच. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ टॅबमध्ये पीआयडीचा (प्रोसेस आयडीचा) रकाना लावून तो आकडा शोधला, तर समोर आलं लॅपटॉपसोबत आलेलं ‘सिस्टीम हेल्थ’ छापाचं टूल. मशीनची तब्येत विचारून विचारून मशीनला आजारी पाडत होतं बिचारं. ते अनइन्स्टॉल केलं आणि होस्ट शून्यावर आला. डब्ल्यूएमआय डिसेबल केला असता तर आकडा तसाही उतरला असता, पण त्याच्यावर विसंबून असलेल्या बाकी सर्व्हिसेस सोबत बसल्या असत्या. थांबवायला गेलात की विंडोज ती यादी दाखवतं. लोक ती न वाचताच ‘येस’ दाबतात.

‘एमएसकॉन्फिगमध्ये प्रोसेसरचा आकडा वाढवा.’

तिथली प्रोसेसरच्या आकड्यापुढची टिकची खूण मर्यादा घालण्यासाठी आहे, चाचणी करणाऱ्यांच्या सोयीची. खूण नसते तेव्हा विंडोज सगळे कोर वापरतंच. चुकून कमी आकडा निवडलात तर उलट मशीन लंगडं होईल.

मेसेज ज्यावर एक अक्षर बोलत नाही ते दोन प्रकार प्रत्यक्षात वारंवार भेटतात. एक, सीपीयूच्या रकान्यात ‘सिस्टीम’ किंवा ‘सिस्टीम इंटरप्ट्स’ सगळ्यात वर दिसणं. इथे बहुधा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा एखादं हार्डवेअर दोषी असतं. सिसइंटर्नल्स या मायक्रोसॉफ्टच्या मोफत टूल्समधला प्रोसेस एक्सप्लोरर ॲडमिन म्हणून चालवून ‘सिस्टीम’चा थ्रेड्स टॅब बघा, वाय-फायचा, ग्राफिक्सचा, जो ड्रायव्हर असेल त्याच्या फाइलीचं नाव तिथे दिसतं. इंटरप्ट्स असतील तर यूएसबीची उपकरणं एकेक काढून बघा.

दोन, उष्णता. परफॉर्मन्स टॅबवर टक्क्यांशेजारी ‘स्पीड’ असतो, तो कोणी वाचत नाही. बेस स्पीड २.४ गिगाहर्ट्झ आणि चालू स्पीड काम चालू असतानाही ०.४ वर खिळलेला, असं दिसलं तर प्रोसेसरचा वेगच आवळला गेलाय, आणि मग ब्राउझरचा एक टॅबसुद्धा त्याला जड जातो. पंख्यातली धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट, नाहीतर कमी वॅटचा भलताच चार्जर. पाचही सर्व्हिसेस बंद केल्यात तरी तो आकडा तिथेच राहील.

ज्यांनी मेसेज वाचून सगळं करून टाकलंय त्यांच्यासाठी : सर्व्हिसेसमध्ये विंडोज अपडेट ‘मॅन्युअल’, सिसमेन आणि विंडोज मॅनेजमेंट इन्स्ट्रुमेंटेशन ‘ऑटोमॅटिक’, विंडोज सर्च ‘ऑटोमॅटिक (डिलेड स्टार्ट)’ करा. एमएसकॉन्फिगमधली खूण काढा, रिस्टार्ट करा, विंडोज सिक्युरिटीत रिअल टाइम संरक्षण सुरू आहे का ते बघा. डिफेंडर काढणारं टूल वापरलं असेल तर एक ऑफलाइन स्कॅन चालवा, आणि त्याचा निकाल येईपर्यंत त्या मशीनवरून बँकेत लॉगिन करू नका.