स्कॅफोल्ड म्हणजे महागडी पट्टी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इतकं मुद्देसूद लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमचे मुख्य आक्षेप दोन आहेत. एक, त्वचेसाठीचं स्कॅफोल्ड, म्हणजे खोल जखमेत बसवायची सच्छिद्र जाळी, ही शेवटी महागडी पट्टीच, खरं काम पेशी करतात. दोन, ते लावूनही जखम झाकायला रुग्णाच्या अंगावरची दुसरीकडची त्वचा काढावी लागतेच, मग मिळवलं काय?

पहिला आक्षेप मला मान्य नाही. खोल भाजल्यावर बाह्यत्वचा आणि तिच्याखालची अंतस्त्वचा दोन्ही जातात. बाह्यत्वचेच्या पेशी जखमेच्या कडेने सरकत येतात. अंतस्त्वचा मात्र मोठ्या माणसात आपणहून पुन्हा तयार होत नाही. शरीर ती जागा व्रणाच्या ऊतींनी भरतं, आणि मायोफायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कडा आत ओढतात. ही ओढ मानेवर बसली तर मान वळत नाही, बोटांवर बसली तर मूठ उघडत नाही. जखम पट्टीने कितीही छान झाकली, तरी हे थांबत नाही.

बर्क आणि यानस या शल्यविशारद-अभियंता जोडीने १९८१ मध्ये गाईचं कोलॅजेन (त्वचेला आधार देणारं प्रथिन) आणि शार्कच्या कूर्चेतलं काँड्रॉइटिन सल्फेट यांची सच्छिद्र जाळी रुग्णांवर वापरल्याचं प्रसिद्ध केलं. वर सिलिकोनचा पातळ पडदा होता, ओलावा टिकवायला आणि जंतू अडवायला. त्या पडद्याला पट्टी म्हणा, हरकत नाही. खालच्या जाळीची गोष्ट वेगळी. यानस यांच्या गिनीपिगवरच्या प्रयोगांत छिद्रं साधारण २० ते १२५ मायक्रोमीटरची असली की जखमेचं आकुंचन लांबत होतं. द्रव्य तेच ठेवून छिद्रांचा आकार या मर्यादेबाहेर गेला, की परिणाम ओसरायचा. जाळी विरघळण्याचा वेगही असाच महत्त्वाचा: फार लवकर विरली तर आकुंचन गाठतंच, फार रेंगाळली तर नव्या ऊतींच्या आड येते. मला हे विलक्षण वाटतं. जाळीत एकही जिवंत पेशी नसते, तरी आत शिरलेल्या पेशी कशा वागतील हे तिच्या रचनेवर ठरतं.

आता दुसरा आक्षेप. त्वचा काढावी लागते, खरं आहे. पण दोन-चार आठवड्यांत जाळीत रक्तवाहिन्या येऊन नवी अंतस्त्वचा धरली की सिलिकोन काढून वर अगदी पातळ ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडून काढून लावलेला त्वचेचा थर, पुरतो. पातळ ग्राफ्ट घेतलेली जागा लवकर भरते आणि तिथूनच पुन्हा त्वचा घेता येते. अर्ध्याहून जास्त अंग भाजलेल्या माणसाकडे निरोगी त्वचाच थोडी उरलेली असते. त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

नुसत्या पेशींचं म्हणाल, तर राइनवाल्ड आणि ग्रीन यांनी १९७५ मध्येच माणसाच्या केराटिनोसाइट, म्हणजे बाह्यत्वचेच्या मुख्य पेशी, प्रयोगशाळेत वाढवण्याची पद्धत दिली. त्यातून बाह्यत्वचेचे मोठे पापुद्रे मिळाले, जीवही वाचले. पण खाली अंतस्त्वचा नसेल तर ते पापुद्रे नाजूक राहतात, फोड येतात, निसटतात. जर्मनीतल्या एका मुलाला जनुक दुरुस्त केलेल्या पेशींपासून अंगाच्या सुमारे ८० टक्के भागावर नवी बाह्यत्वचा मिळाल्याचं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. मात्र त्याचा आजार बाह्यत्वचा खाली धरून ठेवण्याचा होता, खोल भाजण्याचा नव्हता.

तुमचा आणखी एक मुद्दा मात्र पूर्ण बरोबर आहे: या जाळीतून केस उगवत नाहीत, घामाच्या ग्रंथी येत नाहीत. मोठा भाग असा भरला तर उन्हाळ्यात शरीराला थंड राहणं जड जातं. शिवाय रक्तपुरवठा यायच्या आधी जाळीखाली जंतुसंसर्ग झाला तर सगळं काढून टाकावं लागू शकतं. त्रिमितीय छपाईने केलेल्या त्वचेबद्दल वाचतानाही मी आधी हेच शोधते: रक्तवाहिन्या किती दिवसांत आल्या, आणि जखम किती आकसली?